कारणाच्या रकान्यात टिंब

२ जानेवारी, सोमवार
नवीन वर्ष, नवीन वही, नवीन खोली. आजपासून रोज लिहिणार. रोज म्हणजे रोज. मोजकं आणि मुद्द्याचं. हळवं काही नाही, त्याला वेळ नाही.

बदली झाली. म्हणजे मी मागून घेतली. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरून थेट तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये. काम : बाळंतपण विभागाच्या नोंदींची पडताळणी. केसपेपरवर काय लिहिलंय आणि कॉम्प्युटरमध्ये काय भरलंय, ते जुळवायचं. मागच्या वर्षाचा दर दहावा केसपेपर काढायचा. साहेब म्हणाले, वरून पत्र आलंय, आपल्या आकड्यांवर कोणाचा विश्वास उरलेला नाही, तुम्ही तीन महिने घ्या. मी म्हटलं, तीन आठवडे पुरेत. साहेबांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, घाई नाही, तुमचं मागचं वर्ष तसं... मी म्हटलं, मागच्या वर्षाचंच तर काम आहे. विषय तिथेच मिटवला.

बायकोला जाऊन दहा महिने होतील. मी पूर्ण सावरलो आहे. सगळे तसं म्हणतात. म्हणजे मी म्हणतो आणि कोणी खोडून काढत नाही.

खोली उत्तम. खिडकी नाही, त्यामुळे लक्ष विचलित होत नाही. फोन लागत नाही, हेही बरंच. एकच दोष : दाराचं आतलं हँडल निखळून हातात येतं. दार ओढून लागलं की आतून उघडत नाही. दुरुस्तीचा अर्ज उद्या देणार.

४ जानेवारी
अर्ज दिला नाही. पडताळणीला सुरुवात केली. जोरात.

माझा वाचायचा चष्मा ऑक्टोबरात फुटला. तिचा घरात पडूनच होता. मरून रंगाची फ्रेम, दोन्ही कडांना एकेक खडा. नंबर जवळपास सारखाच. चांगली वस्तू वाया का घालवायची? ऑक्टोबरपासून तोच लावतो. आज बाळंतपण विभागात ओळख करून घ्यायला गेलो तेव्हा सगळ्या नर्सेस माझ्याकडे बघून हसल्या. स्टाफ मनमिळाऊ आहे.

संध्याकाळी डोकं दुखलं. ट्यूबलाइटचा परिणाम.

६ जानेवारी
पहिला मोठा शोध. निम्म्याहून जास्त बाळांचं वजन बरोबर अडीच किलो. निसर्गात असं होत नाही. वर जाऊन इन्चार्ज सिस्टरना जाब विचारला. जाडजूड बाई, आवाज खणखणीत. म्हणाल्या, अहो, अडीचच्या खाली गेलं की बाळ कमी वजनाचं ठरतं, मग वेगळा फॉर्म, वेगळं रजिस्टर आणि सहीसाठी डॉक्टर शोधत फिरा. बाळ पाच-दहा ग्रॅमनी कमी भरलं तर काट्याला जरा मान डोलवू द्यायची. मी म्हटलं, काटा मान डोलवत नसतो. त्यावर त्यांनी विचारलं, तुम्ही कधी ओलं, रडणारं, पाय झाडणारं बाळ तोललंय का?

मी म्हटलं, मुद्दा तो नाही. आणि खाली आलो.

९ जानेवारी, सोमवार
दुसरा शोध. या हॉस्पिटलात सगळी मुलं तासाच्या ठोक्याला किंवा अर्ध्या तासाला जन्मतात. नऊ, साडेनऊ, दहा. लोकलाजेस्तव एखादं सव्वादहाला. सिस्टर म्हणाल्या, बाळ येतं तेव्हा माझे दोन्ही हात बाळाखाली असतात, घड्याळ काय दातात धरू?

उपाय मी लगेच शोधला. लेबर रूमच्या भिंतीवर मोठं घड्याळ. मिनिटांच्या रेघा स्पष्ट. साहेबांना नोट पाठवली. अशा साध्या गोष्टी आजवर कोणाला सुचू नयेत याचं नवल वाटतं.

११ जानेवारी
तिसरा शोध, आणि हा मला फार लागला. एखादी नोंद बदलली, किंवा चुकीची म्हणून दाखवलेली नोंद तशीच ठेवली, की कॉम्प्युटर कारण विचारतो. त्या रकान्यात सगळ्यांनी नुसतं टिंब टाकलंय. पानभर टिंबं, एकाखाली एक, मुंग्यांची रांग चालल्यासारखी. सिस्टर म्हणाल्या, मशीनला रिकामा रकाना चालत नाही, पुढेच जाऊ देत नाही. टिंब चालतं.

मी त्यांना शांतपणे सांगितलं, टिंब हे कारण नव्हे. माणूस जे करतो त्यामागे कारण असतंच आणि ते दोन शब्दांत लिहिता येतं. वाक्य चांगलं झालं. रिपोर्टात घालणार.

१३ जानेवारी
चौथा. ‘सोबत कोण’ या रकान्यात जिथे बघावं तिथे ‘आई’. केसपेपरवर नवरा, सासू, शेजारीण, एकीच्या बाबतीत घरमालकीण. कॉम्प्युटरमध्ये सगळ्या आया. कारण सोपं : यादीत पहिलं नाव आईचं आहे, न निवडता पुढे गेलं की तेच राहतं. सिस्टर म्हणाल्या, बाई कळा देतेय आणि मी यादी उघडून बसू का? आणि आत गेल्यावर सगळ्याजणी आईलाच हाका मारतात हो, नवरा उशाशी उभा असला तरी. मी म्हटलं, हाक मारणं आणि हजर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या म्हणाल्या, असतील बाई.

या विभागात फार सैलपणा आहे. एप्रिलपर्यंत हे हॉस्पिटल मी आदर्श करून सोडणार.

१४ जानेवारी, शनिवार
लेक राहायला आली. जावई जहाजावर आहे, एप्रिलअखेर येईल. बाळंतपण मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आमच्याच हॉस्पिटलात. मी तिला आधीच सांगितलंय, कशाची काळजी करायची नाही, घरात मी आहे.

आल्या आल्या तिने आईचं कपाट उघडलं. मला एकदम आठवलं की ऑफिसात तातडीचं काम आहे. शनिवार असला म्हणून काय झालं. संध्याकाळी परतलो तर कपाट आवरलेलं, आणि ती तिच्या आईची मऊ पडलेली शाल पांघरून बसलेली. म्हणाली, बाबा, हा आईचा चष्मा आहे ना? मी नंबरचं समजावून सांगितलं. तिने तो माझ्या नाकावरून काढला, शालीच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

जेवताना म्हणाली, हॉस्पिटल एका माणसाला आत येऊ देतं, तुम्ही याल ना? मी म्हटलं, अर्थात. मग म्हटलं, पण तुझ्या आत्याला विचारू, बाईमाणूस असलेलं बरं. ती म्हणाली, मी तुम्हाला विचारलंय. मी म्हटलं, अर्थात.

आत्याला, म्हणजे माझ्या ताईला, उद्याच फोन करणार.

१७ जानेवारी
ताई यायला तयार आहे. आत जायचंय हे अजून सांगितलेलं नाही. प्रत्यक्ष भेटीत सांगणं योग्य.

२२ जानेवारी, रविवार
संकल्प. (१) रोज संध्याकाळी लेकीला फिरायला नेणे. (२) बाळंतपणाची माहिती वाचणे. (३) तिच्याशी मोकळेपणाने बोलणे.
आज (१) झालं नाही, गार वारा होता. (२) सुरू केलं, पण पुस्तकात चित्रं आहेत. (३) साठी दोघांनाही वेळ हवा. ती दिवसभर घरातच होती. मीही.

२५ जानेवारी
दुपारी फाइलचा गठ्ठा घेऊन आत आलो, पायाने दार लोटलं, ते लागलं, आणि हँडल हातात आलं. कोंडला गेलो. हाक मारली नाही. कोणाला कशाला त्रास. चार वाजता झाडूवाल्या बाईंनी उघडलं तेव्हा त्यांनी विचारलं, ओरडला का नाहीत? मी म्हटलं, कामात होतो.

खरं तर फार दिवसांनी इतकी शांत दुपार मिळाली. काम मात्र झालं नाही. रॅककडे बघत बसलो होतो.

तीन आठवडे संपले. पाचपैकी एक रॅक तपासून झालाय. पण पाया पक्का घातला आहे.

१ फेब्रुवारी
नवीन नियम, साहेबांच्या सहीने. एकाच नोंदीत तीन चुका सापडल्या तर सही करणाऱ्याचं नाव विभागाबाहेरच्या बोर्डावर लागणार. शिस्त अशीच लागते. शिवाय माझ्या सूचनेनुसार सिस्टरनीही चालू महिन्याच्या नोंदी अधूनमधून स्वतः तपासायच्या, दर दहावी. नोंद कोणाचीही असो.

नर्सेस आता मला ‘पडताळणीसाहेब’ म्हणतात. पदाला मान आहे. चहा मात्र येईनासा झालाय. यंत्रणेत काहीतरी गडबड असावी.

७ फेब्रुवारी
आजचं लिहायचं की नाही, विचार करत होतो. लिहितो. वही माझीच आहे.

मी लावलेल्या चुकांची पहिली यादी घेऊन सिस्टर खाली आल्या. सोबत मूळ केसपेपर. म्हणाल्या, यातल्या बऱ्याचशा आमच्या नाहीत, तुमच्या आहेत. मी तीनाला आठ वाचलं होतं. दोनाला सात. बहात्तर वर्षांची बाळंतीण दाखवली होती, तेव्हाही मला शंका आली नव्हती, उलट नर्सेसचा राग आला होता.

सिस्टरनी हात पुढे केला आणि चष्मा मागितला. स्वतःच्या डोळ्यांना लावून बघितला. म्हणाल्या, अहो, यातून सगळं पाण्यात बुडालेलं दिसतंय, कोणाचा हा? मी म्हटलं, घरातलाच.

त्यांनी चष्मा दोन्ही हातांनी परत दिला आणि त्या गेल्या. थोड्या वेळाने चहा आला. सोबत बिस्किटंही.

एकंदरीत स्टाफशी संबंध सुधारत आहेत.

९ फेब्रुवारी
सिस्टरनी ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या नंबरात आणि या चष्म्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तुम्ही यातून चार महिने काय बघत होतात? मी म्हटलं, सगळं. लांबचं मला बिनचष्म्याचं उत्तम दिसतं, हेही त्यांनी कबूल केलं.

चष्म्याच्या दुकानात गेलो. गर्दी होती, परत फिरलो. गर्दी म्हणजे एक गिऱ्हाईक होतं. पण ते बरेच प्रश्न विचारत होतं.

१२ फेब्रुवारी, रविवार
ताई आली. जेवणानंतर मी विषय काढला की लेकीबरोबर आत तू जा. ताई म्हणाली, वेडा का खुळा तू, मला बोटाला कापलेलं बघवत नाही, घेरी येते, लहानपणी तुझा गुडघा फुटला तेव्हा आधी मलाच उचलून न्यावं लागलं होतं. आणि पोरीने तुला सांगितलंय ना? मग तू का अंग काढतोस?

मी म्हटलं, अंग काढत नाही, पर्याय तपासतोय.

लेक आतल्या खोलीत होती. भिंती पातळ आहेत.

१५ फेब्रुवारी
पर्याय दोन : पगारी सोबतीण. लेक म्हणाली, नको. पर्याय तीन : रिपोर्ट सादर करायची तारीख आणि बाळंतपणाची तारीख एकच निघाली, सहा मार्च. योगायोग. रिपोर्टची तारीख मीच मागून घेतली हे खरं आहे, पण त्याची कारणं प्रशासकीय आहेत.

लेकीला म्हटलं, तशीही ती तारीख भरवशाची नाही, केसपेपरवर तुझी शेवटची पाळी तीस तारखेला लिहिली आहे, आणि आमच्याकडे निम्म्या बायकांची तीस तारखेलाच येते. ती म्हणाली, बाबा, मग बाळालाच तुमचा रिपोर्ट वाचून दाखवू का, तारीख ठरवायला? ताई हसली. मीही हसलो. लेक हसत नव्हती असं नंतर लक्षात आलं.

२० फेब्रुवारी, सोमवार
घड्याळ लागलं! लेबर रूममध्ये, खाटेसमोरच्या भिंतीवर. ताटाएवढं. काळे काटे, लाल सेकंदकाटा. मी स्वतः खाटेच्या उशाशी उभा राहून बघितलं. मिनिटाची रेघ न् रेघ दिसते. नवा नियमही लागू : जन्माची वेळ मिनिटापर्यंत लिहायची, आणि सोबतच्या माणसाने घड्याळ बघून त्यावर सही करायची.

आता चुकीला जागाच उरली नाही.

खोली रिकामी होती. खाटेच्या कडेला पकडायला लोखंडी दांडी आहे. तिच्यावरचा रंग एका ठिकाणी पार उडालाय. फार वेळ थांबलो नाही.

२४ फेब्रुवारी
जेवताना लेकीने विचारलं, बाबा, तुम्हाला भीती वाटतेय का? मी म्हटलं, तू घाबरली आहेस, ते स्वाभाविक आहे, मी समजू शकतो. ती म्हणाली, हो, मी घाबरलेय. आई असती तर इतकी घाबरले नसते. मी तिला रिपोर्टाचं चौथं प्रकरण सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग ताट उचलून आत गेली.

मागच्या वर्षी त्याच हॉस्पिटलात, पाचव्या मजल्यावर, खाटेशेजारी खुर्ची टाकून बसून असायचो. रोज. बसून काय झालं? मी तिथे असून नसून सारखाच. हा एक साधा निष्कर्ष आहे, त्यात हळवं काही नाही.

मुलीला हे कसं समजावणार? तिला वाटतं, मी टाळतोय.

२७ फेब्रुवारी, सोमवार
पक्का निर्णय. तळघरात फोन लागत नाही, हे दिवस भरत आलेले असताना बरोबर नाही. उद्यापासून वरच्या मजल्यावर टेबल घेणार. हँडलचा अर्जही देणार.

२८ फेब्रुवारी
वर टेबलं आहेत, पण खिडकीपाशी आहेत. उजेड डोळ्यांवर येतो. उद्या बघू.

१ मार्च
उद्या नक्की.

२ मार्च, गुरुवार, संध्याकाळ
बोटं अजून नीट वळत नाहीत. अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

सकाळी निघताना लेक दारापर्यंत आली. म्हणाली, आज कंबर दुखतेय, जाऊ नका. मी म्हटलं, तासाभरात टेबल वर हलवून येतो. खरंच तसं ठरवलं होतं. खाली आलो, फाइली उचलायला आत शिरलो, दार लागलं. हँडल हातात.

पहिला अर्धा तास मी नेहमीसारखा बसून राहिलो. शांत वाटत होतं. दुसऱ्या तासात शांत वाटेना. फोन काढला, त्यावर नेटवर्कची एकही रेघ नाही. फोन उंच धरला. खुर्चीवर चढून धरला. रॅकवर चढायला गेलो तेव्हा एप्रिल आणि मे महिना अंगावर कोसळले. मग दारावर थापा मारल्या. मग लाथा. मग ओरडलो. मी कधी ओरडत नाही, त्यामुळे आवाज कसा काढायचा तेच आठवेना. आधी ‘कोणी आहे का’ म्हणालो, ते फार सभ्य झालं. मग लेकीचं नाव घेऊन ओरडलो. ती तिथे असणं शक्य नव्हतं, पण तोंडातून तेच निघालं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. खाली पसरलेल्या केसपेपरवर बसलो होतो. प्रत्येकावर एकेका बाईचं नाव, आणि सोबत कोणीतरी. घरमालकीण तरी.

दार उघडलं. सिस्टर. घामाघूम. म्हणाल्या, तुमच्या ताई पोरीला घेऊन आल्यात, तासभर तुमचा फोन लावतायत, ताई बाकावर डोळे मिटून बसल्यात, आणि पोरगी म्हणते, बाबा येईपर्यंत मी आत जाणार नाही. सगळं हॉस्पिटल पालथं घातलं मी. कोंडून घ्यायची एवढी हौस असेल तर निदान चिठ्ठी तरी लावत जा दारावर!

जिन्याने पाचव्या मजल्यापर्यंत धावत गेलो आणि मग आठवलं की लेबर रूम दुसऱ्यावर आहे. परत खाली उतरलो. सिस्टर जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी दंडाला धरून आत नेलं. हिरवा डगला घातला तो उलटा घातला.

लेक दांडी धरून होती. रंग उडालेल्या जागीच. मला बघून आधी म्हणाली, कुठे होतात? मग म्हणाली, राहू दे.

चष्मा नाकावर तसाच होता, घामाने धूसर झालेला. काढून खिशात ठेवायला गेलो तर ती म्हणाली, काढू नका. मी म्हटलं, याने लांबचं काही दिसत नाही गं, घड्याळ बघायचंय. ती म्हणाली, जवळचंच बघा.

पुसून परत घातला. तिने माझा हात पकडला तो असा, की दांडीच्या रंगाचं काय झालं असेल ते कळलं. दुपार कशी गेली ठाऊक नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणजे बहुतेक त्या फ्रेमकडे. शेवटी शेवटी ती ‘आई, आई गं’ अशी ओरडायला लागली. सिस्टर खाली वाकलेल्या, नर्स पाठमोरी. कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

मी ओ दिली.

तिने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा ओ दिली. किती वेळा ते मोजलं नाही.

मुलगी झाली. सिस्टरनी ओरडून विचारलं, साहेब, वेळ! मी वर बघितलं. समोरच्या भिंतीवर एक पांढरं ताट होतं, आणि त्यात काहीतरी काळं विरघळत होतं. चष्मा काढायचं सुचलं नाही, आणि एक हात मोकळा नव्हता. मी म्हटलं, चार. चारच्या सुमाराला. त्यांनी चार लिहिलं. मग बाळाला काट्यावर ठेवलं. ओलं होतं, रडत होतं, पाय झाडत होतं. काटा मान डोलवत होता. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अडीच धरा.

सही केली. कुठे केली ते दिसलं नाही, त्यांनी बोट ठेवलं तिथे केली.

४ मार्च
दोघी घरी आल्या. बाळ ताईच्या मांडीवर झोपतं. लेक झोपताना माझा हात मागते आणि मग झोपेत दाबते. उजव्या हाताची दोन बोटं सुजली आहेत. डॉक्टरांना दाखवायची गरज नाही.

६ मार्च, सोमवार
रिपोर्ट सादर केला नाही. साहेबांना सांगितलं, काम दीड रॅकपर्यंत आलंय आणि एप्रिल-मे पुन्हा लावावे लागणार आहेत. साहेब म्हणाले, हरकत नाही, नातीला बघितलं का नीट? मी म्हटलं, जवळून.

दुकानात जाऊन चष्मा करायला टाकला. आज खरंच गर्दी होती. थांबलो. हँडलचा अर्जही दिला.

१० मार्च, शुक्रवार
नवीन चष्मा आला. दाराला नवं हँडल बसलं. पडताळणी आता झपाट्याने पुढे जाईल.

दुपारी सिस्टर खाली आल्या. नियमाप्रमाणे त्यांनी चालू नोंदींपैकी दर दहावी तपासली. म्हणाल्या, एकीत तीन चुका आहेत, साहेब. जन्माची वेळ गोल, डॉक्टरांच्या नोटमध्ये तीन बावन्न आहे. वजन गोल, दुसऱ्या दिवशी दोन किलो चारशे ऐंशी भरलं. आणि केसपेपरवर सोबत वडील आहेत, कॉम्प्युटरमध्ये आई. खालची सही कोणाची आहे ते जरा वाचता का, नवा चष्मा लावून? आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

नियम माझाच. बोर्डावर माझं नाव मीच माझ्या हाताने लिहिलं. नर्सेस बघायला जमल्या. एकीने फोटो काढला. फोटोत फळा नीट यावा म्हणून मी जरा बाजूला सरकलो.

मग दुरुस्तीला बसलो. सिस्टर शेजारी चहा घेऊन. वेळ बदलली, कारण लिहिलं : घड्याळ दिसलं नाही. वजन बदललं, कारण : बाळ हलत होतं. म्हटल्याप्रमाणे मोजक्या शब्दांत. मग ‘सोबत कोण’ची यादी उघडली. आई, सासू, बहीण, नवरा, इतर. वडील यादीतच नाहीत. म्हणजे मी इतर.

नव्या चष्म्यातून अक्षर अगदी स्वच्छ दिसत होतं : आई. वाचायला चुकलो असं म्हणायची सोय नव्हती.

सिस्टर म्हणाल्या, करू का बदल? मी म्हटलं, राहू द्या. त्या म्हणाल्या, मग मशीन कारण विचारणार. विचारलंच त्याने. मी काहीतरी लिहिलं आणि खोडलं. परत लिहिलं. परत खोडलं. सिस्टरचा चहा संपला, तरी त्या उठल्या नाहीत. रकाना रिकामा, मशीन पुढे जाऊ देईना.

शेवटी टिंब टाकलं. जाऊ दिलं.